चिखल न लागलेली चाके

हसण्यासारखी एखादी गोष्ट हाती लागली की मनुष्य तिची पुन्हा तपासणी सहसा करीत नाही. आमच्या शिक्षकांच्या खोलीत अशी एक गोष्ट गेली दोन-तीन वर्षे चालू आहे. आमच्याच आळीत राहणाऱ्या आणि पतपेढीत नोकरीला असणाऱ्या एका गृहस्थांनी जीपच्या जातीची एक उंच मोटार घेतली. चारही चाकांना जोर देणारी यंत्रणा, पाठीवर जादा चाक, टपावर चढायला शिडी, पुढे लोखंडी नळ्यांचा अडसर आणि पाण्यात शिरली तरी इंजिनाला श्वास घेता यावा म्हणून बाजूने वर काढलेले नळकांडे, असा तिचा थाट आहे. ही मोटार घरापासून पतपेढीपर्यंत, पतपेढीपासून बाजारापर्यंत आणि सकाळ-संध्याकाळ शाळेच्या फाटकापर्यंत जाते. रविवारी तिला स्नान घालतात. “या गाडीने आजवर पार केलेला सर्वांत बिकट अडथळा म्हणजे बाजारपेठेतला गतिरोधक!” हे वाक्य मधल्या सुटीत हमखास हशा मिळवते. वाक्याचा कर्ता मीच असल्यामुळे त्याचे परीक्षण करण्याचा अधिकारही मला आहे, असे मी समजतो.

विनोद माझा असला तरी कल्पना माझी नव्हे. लंडनमधल्या चेल्सी या श्रीमंत वस्तीतून मुलांना शाळेत पोचवणाऱ्या अशा मोटारींना तिथले लोक ‘चेल्सीचा ट्रॅक्टर’ म्हणतात. मेलबर्नचे लोक आपल्या टूराक या वस्तीचे नाव जोडून तोच विनोद करतात. १९४८ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या प्रदर्शनात पहिली लँड रोव्हर मांडली गेली, ती शेतकऱ्यासाठी. तिच्याच घराण्यातली गुबगुबीत रेंज रोव्हर १९७० साली आली आणि पुढे शहरवासी झाली. आपल्याकडची कथा थोडी वेगळी आहे. जीप ही दुसऱ्या महायुद्धाची अपत्य. १९४७ पासून महिंद्रांनी मुंबईत ती जोडायला सुरुवात केली, आणि १९५२ साली समाजविकास योजना सुरू झाल्यावर ती खेड्यापाड्यांत दिसू लागली. जीप आली म्हणजे सरकार आले, हे समीकरण आमच्या वडीलधाऱ्या पिढीच्या मनात घट्ट बसले होते. देवीची लस, गटविकास अधिकारी, निवडणुकीचा कर्णा, सारे तिच्यातूनच उतरत असे. पुढे २०१० साली त्याच घराण्यातली एक गाडी ‘थार’ हे वाळवंटाचे नाव घेऊन आली. २०२० साली तिने नवे रूप घेतले आणि नाशिकच्या कारखान्यातून निघून ती जिल्ह्या-जिल्ह्यांच्या गावी पोचली. वाळवंट नाव धारण करून ती मंडईत उभी राहिली, तेव्हा विनोदकारांची सोय झाली.

आता या विनोदात आरोप कोणता आहे ते पाहू. माझ्या मते त्यात तीन धागे आहेत. पहिला उधळपट्टीचा. १८९९ साली थॉर्स्टाइन व्हेब्लेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने दिखाऊ खर्चाची मीमांसा केली तेव्हापासून हा आरोप करायला मोठ्यांचा आधार आहे. पण ही उधळपट्टी चिखलात जाऊन धुतली जाते असे थोडेच आहे? उलट चिखलात चाके गरगरली की तेल अधिकच जळते. तेव्हा खर्च हा दोष असेल, तर रस्ता न सोडणारा मालक त्यातल्या त्यात काटकसरीच म्हटला पाहिजे. तिसरा धागा मत्सराचा. माझ्यापाशी अकरा वर्षांची दुचाकी आहे, एवढे सांगून तो सोडून देतो.

मधला धागा ढोंगाचा, आणि सारे हसू त्यावरच उभे आहे. ‘ज्याची जी वस्तू त्याने ती वापरून दाखवली पाहिजे, नाही तर ती त्याची शोभत नाही.’ ऐकायला हा न्याय सोज्वळ वाटतो. पण तो आपल्या घरात लावून पाहा. माळ्यावरचे तांब्याचे घंगाळ वर्षांत एकदा खाली उतरते. दसऱ्याला पुजल्या जाणाऱ्या तलवारीने कोणाचे डोके उडवले नाही म्हणून आपण यजमानाला हसत नाही. माझ्या कपाटात विश्वकोशाचे खंड आहेत. त्यांतल्या काहींची पाने अजून एकमेकांना चिकटून आहेत. वस्तू कामासाठी असते, तशी ती आठवणीसाठी, भरवशासाठी, आणि कधी कधी आपण काय होऊ शकलो असतो याची खूण म्हणूनही असते. फडके आणि खांडेकर यांच्या वादात कला कशासाठी यावर महाराष्ट्राने पुष्कळ शाई खर्च केली. जीप कशासाठी हा प्रश्न मात्र आम्ही एका हशात निकालात काढतो.

याहून मोठी गंमत पुढेच आहे. या मोटारींच्या जाहिराती पाहाव्यात. डोंगर, नदी, उडणारी वाळू, आणि मध्ये चिखलाने माखलेली गाडी. जाहिरात म्हणते, ‘चिखलात उतरलास तरच तू मर्द.’ आणि मधल्या सुटीत आम्ही म्हणतो, ‘चिखलात उतरला नाहीस, म्हणून तू ढोंगी.’ शब्द निराळे, सिद्धान्त एकच! ज्याला आपण विरोध समजत होतो तो त्या जाहिरातीचा उत्तरार्ध निघाला, हे ध्यानात आल्यावर मी काहीसा वरमलो.

आणि समजा, आमची थट्टा त्या गृहस्थांच्या मनाला लागली आणि त्यांनी खरोखरच रस्ता सोडला, तर? डिसेंबर २०२३ मध्ये हिमाचल प्रदेशातल्या लाहौलमध्ये एका पर्यटकाने वाहतुकीची कोंडी टाळण्यासाठी आपली गाडी सरळ चंद्रा नदीच्या पात्रात घातली. ते चित्रण देशभर फिरले आणि पोलिसांनी त्याला साडेतीन हजार रुपये दंड केला. आमच्या कसोटीला उतरलेला मालक असा असतो! आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात रस्ता सोडला की एक तर सडा लागतो किंवा पुळण. सड्यावरची माती बोटभर. पावसाळ्यात तिच्यावर जी इवलाली फुले येतात ती त्या बोटभर मातीच्या जिवावर. उक्षी, बारसू, कशेळी इथली कातळशिल्पे अशाच सड्यांवर उघडी पडलेली आहेत. कोकणातली ही शिल्पे २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. वेळास-आंजर्ल्याच्या पुळणीत कासवाची मादी हात-दीड हात खोल खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते आणि समुद्रात निघून जाते. पुढचे पन्नासेक दिवस त्या जागेवरून चाक गेले तर काय होईल हे सांगायला नको. ज्याची चाके कोरी राहिली, त्याने निदान यांतले काही चिरडले नाही.

कोणी म्हणेल, रस्त्यावरच राहायचे तर साधी मोटार पुरे. तत्त्वतः खरे आहे. पण ज्या महामार्गाचे चौपदरीकरण २०११ साली सुरू होऊन एका तपाहून अधिक काळ रेंगाळले, त्या मुंबई–गोवा रस्त्यावरून आषाढात प्रवास केलेल्या माणसाने हे विधान जरा हळू आवाजात करावे. इथे माणसाने रस्ता सोडण्याचे कारणच पडत नाही; रस्ताच माणसाला सोडून जातो.

एवढ्यावर लेख संपवून मी त्या गृहस्थांची क्षमा मागितली असती. पण दोन गोष्टींनी मला अडवले. एक माझ्या लेखनातली आहे, दुसरी फाटकावरची.

काही वर्षांपूर्वी मी मच्छीमारांच्या जीवनावर एक कादंबरी लिहिली. नायक तांडेल होता आणि वादळाची दोन प्रकरणे होती. वास्तविक खाडीच्या तरीपलीकडे मी कधी होडीत पाय ठेवलेला नाही. एका परीक्षणकर्त्याने लिहिले की लेखकाचे पाय ओले झालेले दिसत नाहीत. मला राग आला. मर्ढेकरांनी आत्मनिष्ठेची कसोटी सांगितली ती मनाच्या खरेपणाची. प्रवासाच्या तिकिटाची नव्हे, असे उत्तर मी मनातल्या मनात अनेकदा दिले. आज पाहतो तर त्या परीक्षणकर्त्याचे वाक्य आणि गतिरोधकावरचे माझे वाक्य ही सख्खी भावंडे आहेत! ‘तू तिथे गेला होतास काय?’ हाच प्रश्न, आणि उत्तर नकारार्थी आले की निकाल तयार.

त्या कादंबरीवरचे खरे परीक्षण पुढे वर्षभराने झाले. माझ्या एका विद्यार्थ्याची आई बंदरावर मासळीचा धंदा करते. मुलाने पुस्तक घरी नेले होते, ते तिने वाचले. फाटकापाशी भेटली तेव्हा म्हणाली, “मास्तर, दर्या तुम्ही बरा लिहिलात. पण तुमच्या पुस्तकातल्या आमच्या बाया नुसत्या किनाऱ्यावर उभ्या राहून वाट बघतात. मग लिलावाला कोण जातं? पैसे कोण मोजतं?” मी काही बोललो नाही. समुद्रावर न जाता समुद्र साधला होता. पण रोज सकाळी बाजारात जी बाई माझ्यासमोर बसलेली असते, जिच्याशी मी भावावरून हुज्जत घालतो, ती मला दिसली नव्हती. पाय कोरडे राहिले हा माझा दोष नव्हता. माझ्या वादळाच्या उंचीमुळे समोरचे माणूस झाकले गेले, हा होता.

आता फाटकाची गोष्ट. शाळा सुटताना फाटकावर उभे राहण्याची पाळी माझ्याकडे असते. गेल्या श्रावणात, पावसाची सर येऊन गेलेली, मुलांची एकच झुंबड. ते गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन निघाले होते. मोटार अगदी सावकाश पुढे सरकली. तेवढ्यात पहिलीतली एक मुलगी घरंगळलेली पाण्याची बाटली उचलायला गाडीपुढे वाकली, आणि त्या नाकाखाली दिसेनाशी झाली. मी बॉनेटवर दोन्ही हातांनी थापा मारल्या. गाडी थांबली. मुलगी बाटली घेऊन निघूनही गेली. तिला काही कळले नाही. गृहस्थ उतरले आणि गाडीपुढची मोकळी जागा पाहून फाटकाच्या कठड्यावर बसले. “गुरुजी, मला दिसलीच नाही हो,” एवढेच ते पुनःपुन्हा म्हणत होते.

त्या दिवशी मी त्यांना घरापर्यंत सोबत केली. वाटेत त्यांनी सांगितले की त्यांचे वडील पंचायत समितीच्या जीपवर चालक होते. पंचवीस वर्षे ती जीप दारात येई, पण घरच्यांनी तिच्यात बसायचे नाही हा वडिलांचा दंडक. आई आजारी असतानाही तिला दवाखान्यात एस. टी.ने नेले. “नोकरीला लागलो तेव्हाच ठरवलं होतं,” ते म्हणाले. वडील हयात असताना ते जमले नाही.

माझ्या विनोदात या वडिलांना जागा नव्हती. तेव्हा ढोंगाचा आरोप मी परत घेतो. पण इथेच सावध राहिले पाहिजे. त्यांच्या मनातल्या कारणाने मला गहिवर आला, म्हणून त्या बॉनेटची उंची एका इंचाने कमी झाली नाही. २०२३ साली अमेरिकेतल्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी या संस्थेने पादचाऱ्यांच्या जवळजवळ अठरा हजार अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांचे बॉनेट ४० इंचांहून उंच, अशी वाहने ३० इंचांच्या आतल्या उतरत्या नाकाच्या वाहनांपेक्षा पादचाऱ्याच्या जिवावर उठण्याचा संभव सुमारे ४५ टक्के अधिक, असे तिला आढळले. कारण उघड आहे. ठेंगणी मोटार पायावर आदळते आणि माणूस बॉनेटवर कोसळतो. उंच, सपाट नाक छातीवर किंवा मुलाच्या डोक्यावर आदळते आणि त्याला खाली पाडते. आणि ४० इंच म्हणजे पहिलीतल्या मुलाच्या चेहऱ्यापर्यंत पोचणारी उंची.

ज्यांनी ही गोष्ट ओळखली त्यांनी मालकाच्या मनाची झडती घेतली नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पॅरिसच्या नागरिकांनी, मतदान फार थोडे होऊनही, बाहेरून येणाऱ्या अवजड मोटारींचे वाहनतळाचे भाडे तिप्पट करण्याच्या बाजूने कौल दिला. शहराच्या मध्यभागी ते ताशी १८ युरो झाले. ‘तुम्ही रानात जाता काय?’ असे त्यांनी विचारले नाही, वजन विचारले. पेट्रोलच्या गाडीला १.६ टन, विजेच्या गाडीला २ टन. आपल्या सरकारनेही डिसेंबर २०१७ मध्ये मोटारींपुढचे लोखंडी अडसर बेकायदा असल्याचे राज्यांना बजावले. २०१३ च्या अर्थसंकल्पाने अशा मोठ्या मोटारींवरचे उत्पादनशुल्क २७ वरून ३० टक्क्यांवर नेले, तेव्हा जमिनीपासून १७० मिलिमीटर उंची ही त्यातली एक अट होती. लगेच एका कारखान्याने आपल्या पहाडी गाडीचे पोट १६० मिलिमीटरवर आणले! मोजपट्टी लावली की गाडी खाली उतरते. हसून एकही गाडी इंचभर खाली आलेली मी पाहिली नाही.

टीकेचा धंदा करणाऱ्या आम्हा मंडळींना यात शिकण्यासारखे आहे असे वाटते. कर्ता आपल्या वस्तूला शोभतो का, हे विचारायला सोपे असते आणि विचारताना मजाही येते. ती वस्तू पुढे सरकते तेव्हा तिच्यासमोर कोण उभे असते आणि ते कर्त्याला दिसते का, हे विचारायला फाटकावर उभे राहावे लागते. मोटारीला हे लागू आहे, कादंबरीला आहे, आणि मधल्या सुटीत केलेल्या विनोदालाही आहे.

ते गृहस्थ आता पुढचा अडसर काढून मोकळे झाले आहेत. शाळेच्या अलीकडच्या वळणावर गाडी उभी करून मुलीचा हात धरून चालत येतात. मधल्या सुटीत परवा कोणी तरी पुन्हा गतिरोधकाची आठवण काढली; वाक्य पुरे करायला सर्वांनी माझ्याकडे पाहिले, तेव्हा मी वह्या तपासीत राहिलो. कादंबरीच्या दुसऱ्या आवृत्तीत लिलावाचे एक प्रकरण घालायचे मी ठरवले आहे. अर्थात त्यासाठी पहिली आवृत्ती संपावी लागेल.