अनुकृती आणि आत्मा : छिंगकालीन एकरंगी चिनी भांड्यांचा विचार

मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय १९२२ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम या नावाने खुले झाले. तेथील चिनी व जपानी वस्तूंचा मोठा भाग सर रतन टाटा व सर दोराबजी टाटा या बंधूंच्या संग्रहांतून आलेला आहे. अशा संग्रहापुढे उभा राहणारा प्रेक्षक निळ्या नक्षीच्या किंवा बहुरंगी भांड्यांपाशी रेंगाळतो. एकरंगी भांड्यावरून मात्र त्याची दृष्टी ओझरती फिरते. त्यातच ते भांडे पूर्वीच्या एखाद्या झिलईची अनुकृती आहे असे कळले, की उरलासुरला आदरही ओसरतो. हा अनादर कितपत न्याय्य आहे, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न होय.

ही अनुकृती चोरून केलेली नव्हती, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. योंगझेंग बादशहाच्या कारकिर्दीत (१७२३–१७३५) तांग यिंग हा अधिकारी १७२८ मध्ये जिंगदेझेन येथील राजभट्ट्यांवर रुजू झाला. त्याने १७३५ मध्ये तेथे होणाऱ्या पन्नासहून अधिक प्रकारांची यादी नोंदवून ठेवली. रू, ग्वान, ज्युन इत्यादी जुन्या झिलयांच्या अनुकृतींना तीत मानाचे स्थान आहे. नमुन्यासाठी राजवाड्यातील जुनी भांडी भट्टीकडे पाठविली जात, हेही त्या यादीवरून कळते. राजाज्ञेने घडलेल्या अशा भांड्याच्या तळाशी बहुधा चालू बादशहाचीच मुद्रा असे. ज्या वस्तूवर तिचा खरा काळ लिहिलेला आहे, तिला बनावट म्हणता येत नाही.

तथापि प्रामाणिकपणा हा नीतीचा गुण झाला. तेवढ्याने कलेचा निकाल लागत नाही. येथे आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’च्या चौथ्या उद्द्योतात केलेला विचार उपयोगी पडतो. कवींच्या रचनांतील साम्य तीन प्रकारचे असते, असे तो सांगतो : प्रतिबिंबासारखे, चित्रासारखे, आणि दोन देहधारी माणसांत असते तसे. पहिल्यात स्वतंत्र आत्मा नसतो, दुसऱ्यात तो क्षीण असतो; तिसऱ्यात मात्र चेहरा सारखा असूनही जीव निराळा असतो. म्हणून पहिले दोन त्याज्य आणि तिसरे ग्राह्य. काव्यासाठी केलेली ही विभागणी मातीच्या भांड्यांनाही लागू पडते.

प्रतिबिंबाचे उदाहरण जेझुइट धर्मोपदेशक दांत्रकोल याच्या १७१२ च्या पत्रात आढळते. नव्या भांड्याला जुनेपणा आणण्यासाठी ते मांसाच्या स्निग्ध रश्शात शिजवीत, पुन्हा भाजीत आणि महिनाभर किंवा त्याहून अधिक काळ घाणेरड्या गटारात ठेवीत, असे त्याने लिहिले आहे. येथे सारा खटाटोप पाहणाराला फसविण्याचा आहे. वस्तूला स्वतःचे असे काही सांगावयाचे नाही.

ग्वान पद्धतीच्या कित्येक छिंगकालीन भांड्यांना चित्राची कोटी द्यावी लागते. मूळ ग्वान भांड्याची माती लोहयुक्त व काळसर; झिलई जेथे पातळ होई तेथे, म्हणजे काठावर, ती जांभळट दिसे आणि उघड्या बैठकीवर लोखंडासारखी. जिंगदेझेनची माती पांढरीशुभ्र. तेव्हा अनुकर्त्याने बैठकीच्या कडेला तपकिरी लेप दिला. मूळात जो देहाचा धर्म होता, तो येथे रंगविलेला तपशील झाला. कौशल्य वादातीत आहे, परंतु देह आणि कांती यांचे नाते तुटले आहे.

तिसऱ्या कोटीसाठी ज्युन झिलई पाहावी. १७२९ मध्ये तांग यिंगने तिची कृती जाणून घेण्यासाठी आपला सहायक मुळच्या स्थळी, होनान प्रांतात, पाठविला. १७३५ च्या यादीत जुन्या भांड्यांवरून साधलेल्या पाच छटा आहेत. पण त्यांच्यापुढेच नव्याने गवसलेल्या चार छटांचीही नोंद आहे, आणि त्यांत भट्टीत आपोआप पालटणारी एक आहे. जुन्याचा शोध घेताना हाती आलेले नवे या नोंदीने लपविले नाही, टाकूनही दिले नाही.

लांग तिंगजी हा १७०५ ते १७१२ या काळात जिआंगशी प्रांताचा सुभेदार होता. त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लाल झिलईची कथा याहून बोलकी आहे. आदर्श होता मिंग घराण्यातील शुआनदे काळच्या (१४२६–१४३५) शांत, एकसारख्या ताम्ररक्त वर्णाचा. तांब्यापासून लाल रंग मिळण्यास भट्टीत प्राणवायू कमी असावा लागतो. शिवाय तांबे उष्णतेने उडून जाते. लांगच्या भांड्यांवर झिलई काचेसारखी वितळून ओघळली, काठ पांढरा राहिला आणि खाली रंग दाट साठला. शुआनदेची शांतता साधली नाही. तिच्याऐवजी एक प्रवाही, गंभीर लाल जन्मास आला. या भांड्यांवर बहुधा मुद्रा नसते. म्हणजे मुद्रेची कसोटी येथे चालत नाही. निर्णय वस्तूकडे पाहूनच द्यावा लागतो.

या संदर्भात मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेतील कुंभकामाचे स्मरण होते. जॉर्ज टेरी यांच्या देखरेखीखाली १८७० च्या दशकात तेथे सिंधच्या झिलईच्या परंपरेवर अजिंठ्याच्या चित्रांतील नक्षी उतरविण्यात आली. तेथेही जुन्याचाच आधार घेतला होता. पण भिंतीवरील आकृती भांड्याच्या पाठीवर आली, मातीच्या पोटातून उगवली नाही. एकरंगी भांड्याला नक्षीचा असा आडोसा नसतो. माती, झिलई आणि अग्नी यांचे जमले नाही, तर ते उघडे पडते.

म्हणून अनुकृती म्हणजे गौण, हा सरसकट न्याय सोडून दिला पाहिजे. तसेच जुन्याविषयीची भक्ती म्हणजेच कला, हेही मानता येत नाही. कोणत्या झिलईचे अनुकरण केले, ते कोठे साधले आणि जेथे साधले नाही तेथे काय निर्माण झाले, हे तीन प्रश्न प्रत्येक भांड्याला विचारावेत. लांगच्या लाल पात्राचे मोल तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात आहे.