गृहशिक्षण आणि जगाचा इतिहास : एक परीक्षण

घरीच शिकणाऱ्या प्राथमिक वयाच्या मुलांसाठी जगाचा इतिहास निवडताना पंडित नेहरूंच्या दोन पत्रसंग्रहांचा विचार अपरिहार्य ठरतो. १९३४ साली प्रसिद्ध झालेला १९६ पत्रांचा ग्रंथ या वयास पेलणारा नव्हे. १९२८ च्या उन्हाळ्यात दहा वर्षांच्या इंदिरेस लिहिलेली पत्रे मात्र बालबुद्धीस सुगम आहेत. तथापि त्यांत दोन उणिवा आढळतात. मानववंश व भाषा यांचा विचार तेथे एकत्र येतो, त्यामुळे भाषेचे कुल तेच माणसांचे कुल, असा बालमनाचा ग्रह होण्याचा संभव आहे. शिवाय कथन प्राचीन काळापाशीच थांबते.

पेण व रोहे येथील पालकांस या उणिवा परिसरातूनच भरून काढता येतील. पेणकर, रोहेकर ही बेने इस्रायल समाजातील आडनावे आहेत. शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे ‘शनवार तेली’ धर्माने यहुदी, पण मातृभाषेने मराठी. १९४८ नंतर त्यांतील पुष्कळजण इस्रायलला गेले. भाषा व वंश यांच्या सीमा जुळत नाहीत, हे मुलास या एका उदाहरणावरून उमजते. दुसरे असे की, रोह्याची कुंडलिका रेवदंड्यापाशी समुद्रास मिळते. तेथील चौल बंदरी पंधराव्या शतकात निकितीन हा रशियन व्यापारी उतरला. सोळाव्या शतकात पोर्तुगीज स्थिरावले. ‘बटाटा’ आणि ‘काजू’ हे मूळ अमेरिकेतील शब्द पोर्तुगिजांकरवीच मराठीत आले.

सारांश, पत्रे अवश्य निवडावीत; परंतु वंशविषयक पाठाआधी पेणकर-रोहेकरांची हकीकत सांगावी आणि अखेरच्या पत्रानंतर चौलचा पाठ जोडावा. एरवी शेजाऱ्यास परका समजण्याची चूक अभ्यासक्रमच शिकवील.