लेस विणणारी बाई ‘काम’ करते का?

प्रश्नावली करायला बसण्याआधी मारिया मीस यांचं ‘द लेस मेकर्स ऑफ नरसापूर’ (१९८२) वाचाच. आपल्या त्र्यंबकेश्वरला उगम पावणारी गोदावरी आंध्रात समुद्राला मिळते, त्या मुखाजवळचं हे गाव. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी तिथल्या ख्रिस्ती झालेल्या गरीब बायकांना क्रोशाची लेस शिकवली. पुढे ती शेतकरी कापू घरांतही गेली आणि निर्यात वाढली. एक बाई फुलं विणते, दुसरी ती जोडते, मधे दलाल. व्यापार मात्र पुरुषांचा, आणि त्यातलं काही भांडवल हरितक्रांतीतल्या शेतीचं.

मीस यांनी बायकांचे तास मोजले. घरकाम करून वर रोज सहा ते आठ तास लेस! तरी सगळे म्हणणार, ‘फावल्या वेळात करतात.’ १९७१च्या जनगणनेत माणसाची गणती मुख्य कामावरून झाली. ‘घरकाम’ असं उत्तर आलं की बाई बिगरकामगारांत. लॅबमध्ये चुकीचा फिल्टर लावला की प्रकाश असूनही डिटेक्टर शून्य दाखवतो, तसंच हे. बाईला गृहिणी ठरवलं की मजुरी कमी देता येते. याला मीस ‘गृहिणीकरण’ म्हणतात. जगाच्या बाजारासाठी माल करणारी बाई स्वतः मात्र कामगार नाही!

इथवर पटतं. पण त्यांच्याच नोंदींनुसार, शेतात मजुरीला जाणाऱ्या दलित बायका लेसवाल्यांपेक्षा जास्त कमवत होत्या. मग कापू बायका शेतात का जात नव्हत्या? कारण घराबाहेर न पडणं ही त्यांच्या जातीची प्रतिष्ठा. पुस्तकात हे नोंदवलेलं आहे, तरी युक्तिवादाचं वजन पुन्हा पुन्हा जागतिक भांडवलाकडे झुकतं. मला वाटतं, इथे जात हे नुसतं पार्श्वभूमीचं चित्र नाही. कमी मजुरी टिकते ती जातीमुळेही, आणि हा धागा मीस यांनी अर्ध्यावर सोडला. पुस्तकातला सर्वांत बोलका भाग नेमका हाच, म्हणून जरा चुटपुट लागते.

आता येवल्यात या. पैठणीच्या मागावर बसतो तो विणकर. त्याच घरात कांड्या भरणारी बाई तुमच्या फॉर्मवर कुठे जाते? ‘व्यवसाय’ हा रकाना घरातल्या पुरुषाला विचारून भरू नका. तिलाच विचारा, काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलं, आणि तास लिहून घ्या. वेळ जास्त जातो, गाईड कुरकुरतात, नमुना लहान करावा लागतो. करा.