ॲरिऑपगसपुढे फ्रिने

ॲरिऑपगसपुढे फ्रिने : प्राचीन ग्रीक आख्यायिकेवर आधारलेले एक प्रसिद्ध तैलचित्र. फ्रेंच चित्रकार झां-लेआँ झेरोम (१८२४–१९०४) याने रंगविलेले हे चित्र १८६१ मध्ये पॅरिसच्या ‘सालाँ’ प्रदर्शनात मांडण्यात आले. ते हँबर्ग येथील ‘कुन्स्टहाले’ या कलासंग्रहालयात असून त्याचा आकार सु. ८० × १२८ सेंमी. आहे. अकादमिक चित्रशैलीचे सामर्थ्य आणि तिच्या मर्यादा या दोहोंचाही प्रत्यय त्यातून येतो.

फ्रिने ही इ. स. पू. चौथ्या शतकातील अथेन्समधील ख्यातनाम गणिका. ती मूळची बिओशियातील थेस्पिई या नगराची. प्रॅक्सिटेलीझ या शिल्पकाराने तिच्यावरून ॲफ्रोडाइटीची मूर्ती घडविली, अशी परंपरागत समजूत आहे. तिच्यावर अधर्माचरणाचा आरोप ठेवण्यात आला. सॉक्रेटीसला इ. स. पू. ३९९ मध्ये देहान्त शासन झाले, ते याच स्वरूपाच्या आरोपावरून. तेव्हा येथे प्रश्न तिच्या प्राणांचाच होता. तिच्या बाजूने हायपरायडीझ हा वक्ता उभा राहिला. युक्तिवाद निष्फळ ठरतो असे दिसताच त्याने तिची वस्त्रे फाडून तिचा ऊर उघडा केला व न्यायाधीशांनी तिला निर्दोष सोडले, असे अथीनीअस या ग्रंथकाराने इ. स. २०० च्या सुमारास नमूद केले आहे. मात्र फ्रिनेला कालदृष्ट्या कितीतरी जवळचा असलेला सुखान्तिकाकार पोसिडिपस याला वस्त्रहरण ठाऊक नाही. त्याच्या मते तिने प्रत्येक न्यायाधीशाचा हात धरून अश्रू ढाळले व आपला जीव वाचविला. हा प्रसंगही तो ॲरिऑपगसपुढे नव्हे, तर लोकन्यायालयात घडल्याचे सांगतो. त्यामुळे वस्त्रहरणाचा भाग मागाहून रचला गेला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात.

झेरोमने वस्त्रहरणाचाच क्षण निवडला आहे. हायपरायडीझने निळे वस्त्र एका झटक्यात ओढून घेतले आहे; फ्रिने संपूर्ण विवस्त्र उभी असून तिने बाहूंनी आपला चेहरा झाकून घेतला आहे. समोर अर्धवर्तुळाकार आसनांवर लाल वस्त्रे ल्यालेले न्यायाधीश बसले आहेत. विस्मय, लालसा, संकोच, अविश्वास असे भाव त्यांच्या चेहऱ्यांवर बारकाईने टिपलेले आहेत. लाल रंगाच्या त्या विस्तारापुढे फ्रिनेची शुभ्र काया उठून दिसते. रेखन निर्दोष असून रंगलेपनात कुंचल्याची खूण कोठेही राहिलेली नाही. मध्यभागी अथीनेची लहानशी मूर्ती आहे. पुरातन वस्तूंच्या अशा तपशिलामुळे हा प्रसंग असाच घडला असावा, असा विश्वास पाहणाऱ्याच्या मनात निर्माण होतो.

चित्राच्या आशयाची खरी मेख या विश्वासातच आहे. कारण तपशील प्राचीन असले, तरी त्यांतून व्यक्त होणारी भावना प्राचीन नाही. मूळ कथेत केवळ ऊर उघडा केला जातो आणि ग्रीक परंपरेत ही कृती करुणेची याचना म्हणून परिचित आहे. इलियडमध्ये हेक्टरने युद्धास जाऊ नये, म्हणून त्याची माता हेक्युबा हीच कृती करते. शिवाय अथीनीअसच्या वृत्तांतात न्यायाधीश मोहित होत नाहीत. ॲफ्रोडाइटीच्या सेविकेला मृत्युदंड देण्याची त्यांना धार्मिक भीती वाटते. झेरोमच्या चित्रात या भीतीला स्थानच नाही. तेथे ॲफ्रोडाइटी नाही. अथीना आहे, पण तिच्याकडे कोणाचे लक्ष नाही. देवतेचे भय आणि अबलेविषयीची करुणा या दोहोंच्या जागी केवळ पाहण्याचे कुतूहल आले आहे.

चेहरा झाकण्याची मुद्राही याच दृष्टीने बोलकी आहे. फ्रिने एरवी अंगभर वस्त्र लेऊन वावरत असे, हे अथीनीअसनेच सांगितले आहे. म्हणून तिची लज्जा अगदीच निराधार म्हणता येत नाही. परंतु या मुद्रेमुळे देह सर्वांसमोर खुला राहतो आणि पाहणाऱ्याकडे उलट पाहू शकणारे डोळे तेवढे नाहीसे होतात. एद्वार मानेच्या ‘ऑलिंपिया’ या १८६५ मध्ये ‘सालाँ’त मांडलेल्या चित्रातील विवस्त्र स्त्री प्रेक्षकाकडे थेट पाहते, तिच्यावर टीकेचे काहूर उठले. नग्नतेचे त्या काळाला वावडे नव्हते. उलट रोखलेली नजर मात्र त्याला सहन झाली नाही, हे या दोन चित्रांच्या तुलनेवरून स्पष्ट होते.

झेरोमने न्यायाधीशांचा उपहास केला आहे, असे या चित्राचे समर्थन करता येते आणि ते काही अंशी खरेही आहे. वयोवृद्धांचे हे गांभीर्य क्षणात गळून पडताना पाहून हसू येते. तथापि हा उपहास अर्ध्यावरच थांबतो. न्यायाधीश जे पाहत आहेत तेच प्रेक्षकही पाहतो, किंबहुना अधिक निवांतपणे पाहतो; पण त्याच्याकडे कोणी बोट दाखवीत नाही. न्यायाधीशांना निदान निवाडा द्यावयाचा होता व त्यात एका स्त्रीचे प्राण गुंतले होते. प्रेक्षकावर तशी कोणतीच जबाबदारी चित्रकाराने टाकलेली नाही. प्राचीन कथेत प्राण वाचविण्यासाठी झालेली कृती येथे प्रेक्षणीय प्रसंग बनली आहे. म्हणूनच हे चित्र इ. स. पू. चौथ्या शतकातील अथेन्सचे म्हणून नव्हे, तर १८६१ च्या पॅरिसचे साक्षीदार म्हणून अधिक विश्वसनीय आहे.