घरातले गाणे आणि सभागृहातले गाणे

ज्या भाषेतील एक शब्दही आपल्याला कळत नाही, त्या भाषेतील गाणे ऐकून आपल्या पदरात काय पडणार, असा प्रश्न बारामती-इंदापूरकडील आमच्या वाचकांनी विचारला तर तो गैर म्हणता येणार नाही. उसाची लागण, कालव्याची पाळी, मुलांच्या परीक्षा आणि रविवारचा मिस्सा यांत ज्यांचे दिवस सरतात, त्यांना पोलंडमधील दीड-दोनशे वर्षांपूर्वीच्या गीतांचे काय अगत्य? तरीही सोप्रानो आणि पियानो यांच्यासाठी रचलेल्या पोलिश गीतांवर येथे लिहिण्याचे आम्ही योजिले आहे. ही गीते आम्ही ध्वनिमुद्रणांवरून, शब्दांचे अर्थ समोर ठेवून ऐकली. आणि ती ऐकताना आपल्याच घरांविषयी काही विचार मनात आले.

प्रथम या गीतप्रकाराविषयी. सोप्रानो म्हणजे स्त्रीकंठाची सर्वांत उंच पट्टी. एका कवीची कविता घेऊन रचनाकार तिची चाल बांधतो आणि पियानोने काय वाजवायचे तेही स्वरलिपीत लिहून ठेवतो. आपल्या भावगीताशी याचे नाते जवळचे आहे. भेद आहे तो साथीचा. आपल्याकडे पेटी बहुधा गायकाच्या मागोमाग जाते. येथे पियानोला स्वतःचे बोलणे असते. गाणारी जे शब्दांत सांगू शकत नाही ते कधी पियानो सांगतो, तर कधी तिच्या म्हणण्याला तो हळूच विरोधही करतो. वाद्यवृंद नाही, नेपथ्य नाही. दोनच माणसे आणि एक कविता. म्हणूनच या प्रकारात लबाडी लपत नाही.

आता ही गीते ज्या काळात जन्मली तो काळ पाहू. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया या तीन सत्तांनी पोलंडचे लचके तोडले आणि १७९५ साली ते राष्ट्र नकाशावरून नाहीसे झाले. १९१८ साली ते पुन्हा उभे राहिले. मधली १२३ वर्षे पोलिश माणसाला राज्य नव्हते. १८६३ च्या उठावानंतर तर रशियन अमलाखालील शाळांतून त्याच्या भाषेचीही हकालपट्टी होऊ लागली. अशा लोकांजवळ उरले काय? श्रद्धा उरली, आईची भाषा उरली, आणि त्या भाषेतील गाणे उरले.

फ्रेडरिक शोपाँ याला जग पियानोचा कवी म्हणून ओळखते. १८३० साली त्याने वॉर्सा सोडले, आणि १८४९ साली पॅरिसमध्ये त्याचा अंत झाला तोवर मायभूमीचे दर्शन त्याला पुन्हा घडले नाही. त्याने सुमारे एकोणीस पोलिश गीते रचली. संग्रहरूपाने ती प्रसिद्ध झाली ती त्याच्या मृत्यूनंतर, फोंताना नावाच्या मित्राच्या हातून. पियानोच्या मोठ्या रचना तो छापून घेत असे, ही गीते मात्र त्याने बहुधा स्नेह्यांपुरतीच ठेवली. १८२९ सालचे ‘इच्छा’ हे गीत पाहावे. वित्वित्स्कीच्या या कवितेत एक मुलगी म्हणते की आपण सूर्य असतो किंवा पाखरू असतो तर एकाच्याचसाठी प्रकाशलो असतो, एकाच्याच खिडकीशी गायलो असतो. एवढाच आशय. चाल मझुर्का या ग्रामीण नाचाच्या तीन मात्रांवर बांधलेली आहे. आघात पहिल्या मात्रेवरून निसटून पुढच्या मात्रेवर पडतो आणि गाण्याला एक लाडिक झोका मिळतो. या गीतात मोठेपणा शोधू नये. त्याचे सौंदर्य त्याच्या लहानपणातच आहे.

परंतु १८४७ साली रचलेले ‘धून’ हे त्याचे गीत आमच्या मते या साऱ्या भांडारातील सर्वांत खोल आहे. क्रासिन्स्कीच्या या कवितेत माणसे जड क्रूस वाहत डोंगर चढतात. माथ्यावरून त्यांना वचनदत्त भूमी दिसते. पण तीत त्यांचा प्रवेश व्हायचा नाही, आणि कदाचित त्यांचे स्मरणही कोणी ठेवायचे नाही. पवित्र शास्त्र वाचणाऱ्याला येथे नबो डोंगरावरचा मोशे आठवल्यावाचून राहणार नाही. आजारी, निर्वासित रचनाकार हे शब्द निवडतो यातच सर्व काही आले. चालीत टाहो नाही, आर्जव नाही. एखाद्याने विश्वासाने पण थकून प्रार्थना म्हणावी तसे हे गाणे चालते. काही गायिका शेवटच्या ओळींवर आवाज चढवून श्रोत्यांना हेलावू पाहतात. आमच्या मते तो मोह टाळावा. विस्मृतीची भीती मोठ्याने सांगितली की ती खोटी वाटू लागते.

या गीतांच्या ध्वनिमुद्रणांत स्वीडनची सोप्रानो एलिझाबेथ सोडरस्ट्रोम आणि पियानोवादक व्लादिमीर आश्केनाझी यांचे नाव घ्यावे लागेल. दोघांपैकी कोणाचीच मातृभाषा पोलिश नव्हे. तरीही परक्याचे गाणे त्याच्याच भाषेत गाण्याचा हा आदर आम्हांस मोलाचा वाटतो. आवाज सुंदर असणे ही देणगी आहे; दुसऱ्याचा शब्द नीट उच्चारणे ही सेवा आहे.

आमच्या वाचकांना ज्याची ओळख आम्ही मुद्दाम करून देऊ इच्छितो तो रचनाकार मात्र दुसराच आहे. स्तानिस्लाव मोन्युश्को (१८१९-१८७२) हा विल्नो येथील संत योहानाच्या ख्रिस्तमंदिरात अनेक वर्षे ऑर्गनवादक होता. म्हणजे आपल्या गायकवृंदातील पेटीवाल्या मास्तरांचा तो सगोत्र म्हणावा. १८४३ च्या सुमारास त्याने ‘घरगुती गीतसंग्रह’ या नावाने एक वही प्रसिद्ध केली. पुढे तिचे बारा भाग झाले आणि त्यांत अडीचशेहून अधिक गीते आली. नावातच हेतू आहे. मोठे गायक हे त्याचे पहिले ग्राहक नव्हेत. संध्याकाळी घरच्या पियानोपाशी बसून लेकीसुनांनी गावे, पाहुण्यांनी सूर मिळवावा, एवढ्यासाठी त्याने ही गीते लिहिली. घराघरांतून ती गेली आणि ज्या भाषेला कचेरीत स्थान नव्हते ती दिवाणखान्यात ताठ मानेने बसली.

त्याच्या ‘सूत कातणारी’ या गीतात पियानो चाकासारखा अखंड गरगरत राहतो. त्यावर गाणारी सांगते ती गोष्ट हसरी आहे आणि बोचरीही : परगावी निघालेल्या तरुणाला स्मरणाचे वचन देणारी पोर तीनच दिवसांत दुसऱ्याबरोबर हसू लागते, आणि धागा तुटतो. कित्येक गायिका हे गीत शर्यतीसारखे पळवतात. चाक मग छान फिरते, पण सूत निघत नाही. ‘सांजगीत’ हे दुसरे गीत सिरोकोम्लाच्या शब्दांवर आहे. रात्रीच्या दवावरून आपला आवाज तरंगत घराकडे जावा, जेथे म्हातारी आई रात्रीच्या जेवणाच्या तयारीत आहे, असे शेतात थांबलेला माणूस म्हणतो. नीरेच्या काठी किंवा उजनीच्या फुगवट्यालगत ज्याने रात्रीची दारी धरली आहे, त्याला या गीताचा अर्थ समजावून सांगण्याची गरज पडू नये.

कारोल शिमानोव्स्की (१८८२-१९३७) याच्याकडे वळताना आपण एकदम भारताच्या दारात येतो. १९१८ साली, म्हणजे पोलंड स्वतंत्र झाला त्याच वर्षी, त्याने रवींद्रनाथ ठाकुरांच्या चार कवितांना इवाश्कियेविच या कवीच्या पोलिश अनुवादातून चाली दिल्या. त्यांतील दोन गीते एका मुलीची आहेत. दारावरून राजपुत्राचा रथ जाणार म्हणून ती सजते आणि गळ्यातील हार त्याच्या वाटेवर टाकते. रथाचे चाक तो हार चिरडून जाते आणि कोणालाच त्याचा पत्ता लागत नाही. विषय आपल्या मातीतला आहे, आणि शिमानोव्स्कीची प्रतिभा वादातीत आहे. तरी स्पष्ट सांगावयाचे तर येथे पियानोची श्रीमंती इतकी दाट झाली आहे की ती साधी पोर तिच्यात गुदमरते. पूर्वेकडचा सुगंध आहे, पण अंगण नाही. याच रचनाकाराने पुढे ‘स्ताबात मातेर’ हे क्रुसाजवळच्या मातेचे स्तोत्र लॅटिनऐवजी पोलिश अनुवादात बांधले, तेव्हा त्याला अंगण सापडले, असे आम्ही म्हणू.

या गीतांची भाषा आपल्या महाराष्ट्रातही बोलली गेली आहे. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत भूमीवर हद्दपार केलेली पोलिश कुटुंबे इराणमार्गे भारतात आली, आणि १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सुमारे पाच हजार जणांची वसाहत नांदली. त्यांत स्त्रिया आणि मुलेच अधिक. तेथे त्यांनी शाळा चालविल्या, ख्रिस्तमंदिर उभारले आणि मुलांची पोलिश भाषा राखली. ज्यांचे घर गेले त्यांनी भाषेलाच घर केले.

आणि आता आपण. आपल्या इंदापूर तालुक्यातील स्त्रियांनी जात्यावर गायिलेल्या ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या त्या प्रचंड संग्रहात आहेत, ज्यात एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. मोन्युश्कोचे चाक आणि आपले जाते यांत फरक काय? त्याच फिरण्यावर स्त्रीने आपले मन मोकळे केले. याच ओवीत फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली ख्रिस्तपुराण प्रकाशित केले. दरवर्षी तुकोबांची पालखी बारामतीहून इंदापूरला जाते तेव्हा अभंग आपल्या दारावरून जातो, आणि तो टिकला आहे तो माणसांच्या तोंडी असल्यामुळे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेविषयीच्या संविधानात लोकांच्या धार्मिक गायनाला उत्तेजन द्यावे आणि प्रत्येक समाजाच्या संगीतपरंपरेचा मान राखावा असे सांगितले. दार उघडे आहे. पण आपल्या घरांत जाते थांबले, आणि त्याच्याबरोबर गाणेही थांबले. ख्रिस्तमंदिरात आपण गातो ते बहुधा यंत्रातील तयार ठेक्यावर. घरी रोझरी होते, पण गीत मोबाइलवर लावले जाते. गाणे आपण ऐकतो, गात नाही.

पोलिश चाली आपण उचलाव्यात असे आमचे मुळीच म्हणणे नाही. उचलायचा तो मोन्युश्कोचा विचार. प्रत्येक कुटुंबाने एक वही करावी. आजीला येणारी नाताळची, उपवासकाळाची, पाळण्याची गाणी, मरियामातेच्या ओव्या, जे काही आठवेल ते तिच्या शब्दांत लिहून घ्यावे आणि आठवड्यातून एकदा रोझरीनंतर यंत्राविना गावे. सूर चुकला तरी चालेल. ज्या राष्ट्राचे सर्व काही गेले होते त्याने आपल्या घरातील गाणे जाऊ दिले नाही. आपले तर कोणीही हिरावून घेतलेले नाही. ते आपणच खाली ठेवले आहे, आणि ज्यांना ते येते त्या आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत.