‘द एम्परर जोन्स’ आणि हैतीवरील अमेरिकी ताबा : एक चिकित्सक वाचन

प्रस्तावना :

यूजीन ओ’नील यांचे ‘द एम्परर जोन्स’ हे नाटक १ नोव्हेंबर १९२० रोजी न्यूयॉर्क येथे प्रॉव्हिन्सटाउन प्लेअर्स या संस्थेने प्रथम सादर केले. अमेरिकी अभिव्यक्तिवादी नाटकाचा एक महत्त्वाचा टप्पा म्हणून त्याचा अभ्यास होतो. ढोलाचा वाढत जाणारा ठेका, अरण्यातील भास आणि नायकाच्या मनाची गळून पडणारी आवरणे यांवर समीक्षेचा भर राहिला आहे. मात्र नाटक ज्या प्रकारच्या बेटावर घडते, तेथील राजकीय प्रश्न या चर्चेत मागे पडतो. हे नाटक लिहिले जात असताना हैती हे स्वतंत्र राष्ट्र अमेरिकी मरीन सैनिकांच्या ताब्यात होते. नाटक आणि हा ताबा यांचा परस्परसंबंध तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

गुलामांच्या उठावातून १८०४ साली हैती स्वतंत्र झाले. फ्रान्सने १८२५ मध्ये या स्वातंत्र्याच्या मान्यतेसाठी १५ कोटी फ्रँकची भरपाई लादली. पुढे ती ९ कोटींवर आणण्यात आली. अमेरिकेने हैतीला मान्यता दिली ती १८६२ मध्ये. डिसेंबर १९१४ मध्ये मरीन सैनिकांनी हैतीच्या राष्ट्रीय बँकेतील पाच लाख डॉलरचे सोने न्यूयॉर्कला हलवले. जुलै १९१५ मध्ये राष्ट्राध्यक्ष व्हिल्ब्रुन गियोम साम यांची जमावाने हत्या केली आणि त्याच दिवशी अमेरिकी सैन्य राजधानीत उतरले. त्यानंतरच्या तहाने जकात, तिजोरी व सशस्त्र पोलीसदल यांवर अमेरिकेचे नियंत्रण आले. स्वातंत्र्यापासून परकीयांना जमीनमालकीची जी बंदी होती, ती १९१८ च्या राज्यघटनेने उठवली. रस्तेबांधणीसाठी शेतकऱ्यांवर वेठबिगार लादण्यात आली. त्यातून उसळलेल्या उठावाचा नेता शार्लमाञ पेराल्त १९१९ मध्ये मारला गेला.

१९२० च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जेम्स वेल्डन जॉन्सन यांनी ‘द नेशन’ या साप्ताहिकातील लेखमालेतून या कारभाराचे वाभाडे काढले. त्याच वर्षीच्या अध्यक्षीय निवडणुकीत हैती हा प्रचाराचा विषय झाला. ओ’नील यांनी नाटक लिहिले ते याच शरद ऋतूत.

नाटकातील ताब्याचे रूप :

ओ’नील यांना या विषयाची जाण होती, याचा पुरावा संहितेतच आहे. आरंभीच्या रंगसूचनेत बेटाचे वर्णन करताना, गोऱ्या मरीन सैनिकांनी त्याचा ‘स्वयंनिर्णय’ अद्याप उरकलेला नाही, अशा आशयाचा टोला त्यांनी लगावला आहे. राष्ट्राध्यक्ष विल्सन यांच्या स्वयंनिर्णयाच्या घोषणेचा तो उपहास आहे. जोन्सच्या चांदीच्या गोळीची कल्पना अध्यक्ष साम यांच्याविषयीच्या एका आख्यायिकेवरून सुचली, असेही त्यांनी सांगितले आहे. प्रश्न असा की, रंगसूचनेतील हा टोला प्रत्यक्ष नाट्यकृतीत कितपत उतरतो?

पहिल्या प्रवेशात तो निश्चितच उतरतो. ब्रूटस जोन्स हा बेटावरचा नाही. तो अमेरिकेतून आलेला, पुलमन आगगाडीतील माजी नोकर आणि तुरुंगातून पळालेला कैदी आहे. छोटी चोरी तुरुंगात नेते आणि मोठी चोरी सिंहासनावर बसवते, हे तत्त्वज्ञान तो गोऱ्या प्रवाशांच्या बोलण्यातून शिकला आहे. दोन वर्षांत तो सम्राट होतो, प्रजेला करांनी पिळतो आणि पैसा परदेशी बँकेत ठेवतो. बँकेतून हलवलेले सोने आणि जकातीवरील ताबा आठवला, तर जोन्सचा कारभार हा ताब्याचेच विडंबन ठरतो. त्याचा पलायनाचा बेतही एका फ्रेंच युद्धनौकेच्या भरवशावर आहे. व्यापारी स्मिदर्स हा या लुटीतील गोरा भागीदार होय.

चौथ्या प्रवेशातील साम्य अधिक बोलके आहे. जोन्सला भासात कैद्यांची टोळी दिसते. ती रस्ता दुरुस्त करीत आहे आणि बंदूक-चाबूक घेतलेला गोरा पहारेकरी तिच्यावर उभा आहे. पहाऱ्याखाली सक्तीने रस्ते बांधण्याचे हेच काम हैतीतील शेतकऱ्यांनी नुकतेच भोगले होते. परंतु नाटकात हे दृश्य जोन्सची अमेरिकेतील आठवण म्हणून येते, बेटाचे वर्तमान म्हणून नव्हे. येथून नाटकाची दिशा बदलते.

नाटकाची मर्यादा :

पुढील प्रवेशांत लिलाव, गुलामवाहू जहाज आणि काँगोचा मांत्रिक असा उलटा प्रवास घडतो. जोन्सचा गणवेश फाटत जातो आणि त्याबरोबर त्याचे ‘सुधारलेपण’ गळून पडते. वंशस्मृतीतील अत्याचारांचे हे दर्शन प्रभावी आहे, हे नाकारता येत नाही. तथापि प्रेक्षकाच्या मनावर अखेरीस जो ठसा उमटतो, तो कृष्णवर्णीय सत्ताधीश आदिम अवस्थेकडे घसरतो असा. हैतीचे लोक स्वशासनास अपात्र आहेत, हाच ताब्याच्या समर्थकांचा मुख्य युक्तिवाद होता. ज्या सत्तेचा रंगसूचनेत उपहास केला, तिच्याच युक्तिवादाला नाटकाची प्रतिमासृष्टी नकळत बळ देते.

बेटावरील माणसांचे चित्रण याला दुजोरा देते. वस्तुतः लेम आणि त्याचे सहकारी यशस्वी होतात. नाणी वितळवून त्यांनी चांदीच्या गोळ्या ओतल्या आहेत आणि जोन्सने पसरवलेली दंतकथा ते त्याच्यावरच उलटवतात. हा नियोजनबद्ध प्रतिकार आहे. परंतु नाटककार त्यांना मोडके संवाद आणि दूरचा ढोल एवढेच देतो. त्यांची राजकीय कृती जादूटोण्यात विरून जाते. पेराल्तच्या उठावाला अमेरिकी अधिकाऱ्यांनी ‘डाकूगिरी’ ठरवले होते. येथेही प्रतिकाराला त्याचे नाव मिळत नाही.

ही मर्यादा समकालीनांना जाणवली नव्हती, असे नाही. जोन्सची भूमिका प्रथम साकारणारे चार्ल्स गिल्पिन यांनी संहितेतील वंशद्वेषी शब्द बदलण्याचा आग्रह धरला आणि त्यावरून त्यांचे नाटककाराशी खटके उडाले. अलीकडे मेरी रेंडा यांनी ‘टेकिंग हैती’ (२००१) या ग्रंथात ताब्याच्या सांस्कृतिक परिणामांच्या संदर्भात या नाटकाची दखल घेतली आहे.

समारोप :

सारांश, ‘द एम्परर जोन्स’ हे ताब्याचे समर्थन करणारे नाटक नाही. तसेच ते ताब्याविरुद्धचे नाटकही राहत नाही. पहिल्या प्रवेशात ते लुटीची यंत्रणा नेमकी ओळखते आणि नंतर तिचे उत्तर इतिहासात न शोधता रक्तात शोधते. अमेरिकी सैन्य १९३४ मध्ये हैतीतून परतले. आर्थिक देखरेख १९४७ पर्यंत टिकली. १९९४ आणि २००४ मध्ये सैन्य पुन्हा तेथे उतरले. वर्गात हे नाटक केवळ अभिव्यक्तिवादाचा नमुना म्हणून शिकवले गेले, तर हा सारा इतिहास अरण्याच्या नेपथ्यामागे दडून राहतो. ती एक रंगसूचना वगळून केलेले वाचन संहितेवरच अन्याय करते. नाट्यतंत्राचे अध्यापन आणि बेटाचा इतिहास यांची सांगड घालणे म्हणूनच आवश्यक आहे.