पेरूतलं पॉलिफिनॉल की क जीवनसत्त्व?

सोमेश्वरनगरपासून इंदापूरपर्यंत कुठेही फळांवर प्रकल्प करायचा म्हटलं की पेरू आणि डाळिंब हमखास येतात. फळं दारातच मिळतात. फोलिन-सिओकाल्टो अभिकर्मक टाकायचा, ७६५ नॅनोमीटरला शोषण मोजायचं, की गॅलिक आम्लाच्या तुलनेत आकडा तयार. माझी तक्रार या आकड्याबद्दलच आहे.

हा अभिकर्मक फक्त पॉलिफिनॉल ओळखत नाही. इलेक्ट्रॉन देणारं जे समोर येईल त्याच्याशी तो अभिक्रिया करतो, ॲस्कॉर्बिक आम्लाशीसुद्धा. आणि पेरूच्या १०० ग्रॅम गरात ते साधारण २०० मिलिग्रॅम असतं! ते वेगळं मोजून वजा न करता ‘पेरूत पॉलिफिनॉल भरपूर’ लिहिणं म्हणजे पाटीसकट भाजी तोलणं. वर हाच आकडा डीपीपीएच चाचणीशी छान जुळला, असंही लिहितात. जुळणारच की! दोन्ही चाचण्या मुळात क्षपणक्षमताच मोजतात.

डाळिंबाचं वेगळंच. गिल आणि सहकाऱ्यांच्या २००० सालच्या पेपरात बाजारातल्या रसाची क्षमता नुसत्या दाण्यांच्या रसापेक्षा जास्त निघाली, कारण अख्खं फळ दाबताना सालीतलं प्युनिकॅलॅजिन रसात उतरतं. म्हणून नमुना कसा काढला हे ज्या पेपरात नाही, त्यातली तुलना मी तरी धरत नाही.

अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१२ मध्ये आपली ओरॅक मूल्यांची यादी काढून टाकली. परीक्षानळीतले आकडे आरोग्याच्या जाहिरातीत वापरले जात होते. आपल्या प्रस्तावनांत मात्र ‘कर्करोगावर गुणकारी’ अजून चालूच आहे.